राजधानी आणि पाण्याचा वार

"तुघलक परवडला," मामा म्हणाले. "त्यानं दिल्लीहून निदान माणसं आणली. तू सोनपापडीचा डबा घेऊन आलीस."

रात्रीचे साडेदहा वाजले होते. पुंडलिकनगरातल्या गच्चीवर मी, मामा आणि प्लास्टिकच्या तीन खुर्च्या. तिसरी खुर्ची मामींची, पण मामी खाली हौदाचं झाकण काढून, पाइप जोडून, बादल्या, कळश्या, घागरी आणि शेवटी कुकरचं भांडंसुद्धा ओळीनं मांडत होत्या. आज पाण्याचा वार. नळाला पाणी कधी पाचव्या दिवशी येतं, कधी आठव्या. आज येणार एवढं नक्की होतं; किती वाजता, ते गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपलाही ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतरची चार दिवसांची रजा काढून मी सचखंड एक्स्प्रेसनं आले होते. तीन दिवस शहर हिंडले, उद्या परतीची गाडी. तिन्ही दिवस मामा सोबत होते आणि तिन्ही दिवस आमचं एका गोष्टीवर जुळलं नाही. मामा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. पस्तीस वर्षं कालव्यांचे आणि चाऱ्यांचे नकाशे काढले. त्यामुळे त्यांना कुठलीही इमारत दाखवा, ते आधी तिच्या आवारातला उतार बघतात.

"मामा, मला हे शहर फार आवडलं," एवढंच मी म्हणाले होते. वादाला तेवढं निमित्त पुरलं.

"आवडणारच. पाहुण्याला कुठलंही गाव गोड लागतं. त्याला पाणी भरायचं नसतं."

"आज भरणार आहे की."

"एक दिवस भरलं तर ती सहल झाली."

"बरं, सहल तर सहल. पण राजधानीची ऐट अजून आहे इथं. दिल्लीत राहणाऱ्या माणसाला ती लगेच कळते."

मामांनी चष्मा काढला. हे लक्षण चांगलं नसतं. "कुठली राजधानी गं? हिशेब घे. देवगिरी यादवांची. १३२७ साली तुझा तुघलक आला, दौलताबाद नाव ठेवलं आणि काही वर्षांत गाशा गुंडाळून परत गेला. १६१० ला मलिक अंबरनं खडकी वसवली. त्याच्या पोरानं, फतेह खानानं, तिचं फतेहनगर केलं. १६५३ ला औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला, मग औरंगाबाद. पुढं निजाम. १७६३ ला निजामानं बिऱ्हाड हैदराबादला हलवलं. संपलं. आता 'पर्यटनाची राजधानी' म्हणतात, तो शिक्का आहे. शिक्के माझ्याकडे ड्रॉवरभर होते."

"२०२३ मध्ये राज्याचं मंत्रिमंडळ बसलं होतं इथं."

"एक दिवस. मंगल कार्यालयात पण एक दिवस नवरा राजा असतो."

इथं मी जरा गप्प बसले, कारण उपमा चोख होती. पण माझं म्हणणं मी सोडलं नव्हतं. ते मला पहिल्याच दिवशी दिल्ली दरवाजापाशी सुचलं होतं. मी राहते त्या दिल्लीतही एक दिल्ली दरवाजा आहे. शिवाय अजमेरी दरवाजा आहे, काश्मिरी आहे, लाहोरी आहे. ज्या वाटेनं माणसं जात-येत, त्या वाटेचं नाव दाराला. हजारभर किलोमीटरवर, इथं हर्सूलच्या बाजूला तोंड करून तसाच एक दिल्ली दरवाजा उभा आहे. दक्षिणेला पैठण दरवाजा, पश्चिमेला मक्का दरवाजा. एखाद्या गावानं आपल्या दारांवर पैठण आणि मक्का एकाच हातानं लिहून ठेवावं, ही मला राजधानीची खूण वाटते. खेड्याला वेस असते आणि वेशीला बहुधा गावाचंच नाव असतं. राजधानीला आपल्या दारातून कोण कुठं जातं याची फुशारकी असते.

मामांना हे पटलं नाही. "बावन्न दरवाजे म्हणतात, उभे किती राहिलेत ते मोजून घे. आणि ती भिंत १६८२ ची. मराठ्यांच्या धाकानं बांधलेली. भिंत पडली, दारं राहिली. घर नाही आणि दारं आहेत, याला तू ऐट म्हणतेस."

"भिंत नाही म्हणूनच तर दारं सुंदर दिसतात."

"पाहुणी," मामा म्हणाले. त्यांच्या तोंडी या शब्दात जे जे होतं, ते मला पुढचे दोन तास पुरलं.

खालून मामींचा आवाज आला, "अहो, बारा नंबरच्या गल्लीत आलं का बघा की जरा." मामांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. कुठूनच मोटारीचा आवाज नव्हता. "नाही आलं."

मकबऱ्यावरून तर आमचं खरंच जुंपलं होतं. बीबी का मकबरा पाहायला आलेला प्रत्येक माणूस पहिल्या पाच मिनिटांत ताजमहालाचं नाव काढतो आणि नाक मुरडतो. मीही आग्र्याला पाच-सहा वेळा पाहुण्यांना घेऊन गेलेली. माझ्याही तोंडी ते येणारच होतं. त्याआधी मामा म्हणाले, "सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे."

"काय?"

"खर्च. जुन्या तारीखनाम्यात नोंद आहे. ६,६८,२०३ रुपये, ७ आणे. १६६०-६१ चं काम. ताजमहालाला कोट्यवधी लागले म्हणतात, तिथं आणे कोण मोजतो? इथं सात आणे लिहिलेत. हे खरं कार्यालय!"

औरंगजेबाची बायको दिलरस बानू बेगम १६५७ साली गेली. तिची कबर तिच्या मुलानं, आझम शाहनं बांधली. बाप काटकसरीचा, मुलगा हौशी, आणि मध्ये अताउल्ला नावाचा वास्तुकार, ज्याचा बाप उस्ताद अहमद लाहोरी ताजमहालाचा वास्तुकार होता. दोन घरांतले बाप-लेक या एका इमारतीत भांडत बसलेत असं मला वाटलं. संगमरवर फक्त खाली, माणसाच्या हाताला लागेल एवढ्या उंचीपर्यंत आणि वर घुमटाला. मधला सगळा आपला काळा दगड, त्यावर गिलावा. ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना वाटेत संगमरवरानं भरलेले तीनशे गाडे दिसल्याचं लिहून गेलाय. त्यातल्या सगळ्यात लहान गाड्याला बारा बैल होते. एवढा दगड आणूनही तो पुरला नाही.

"ताज अंदाजपत्रक नसलेल्या माणसानं बांधला," मामा म्हणाले, "आणि हा अंदाजपत्रक असलेल्यानं. अवघड कुठलं, सांग."

मी गिलाव्यावर तळहात ठेवून पाहिला. दुपारचं ऊन होतं, तरी भिंत गार होती, आणि चुना असा घोटलेला की बोट सरकत होतं. जिथं पोपडा निघाला होता तिथं खालचा दगड दिसत होता, चांगल्या लुगड्याखालून परकराची कड दिसावी तसा. मला ही इमारत त्या क्षणी आवडली. संगमरवर संपल्यावर चुन्याला संगमरवर व्हायला लावणारे जे कोणी हात होते, ते मला ताजमहालात कधी भेटले नव्हते.

हे मी मामांना सांगितलं, तेव्हा ते खूश झाले आणि लगेच सावरले. "पण ते मेलेल्या माणसासाठी आहे. राजधानी जित्या माणसांसाठी काय करते ते उद्या दाखवतो."

उद्या म्हणजे पाणचक्की. मामांचं तीर्थस्थान.

बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी. त्यांच्या दर्ग्याच्या आवारात १७४४ साली तुर्कताज खानानं पाण्यावर फिरणारी चक्की बसवली, फकिरांना आणि वाटसरूंना पीठ मिळावं म्हणून. उत्तरेच्या डोंगरातलं पाणी काही किलोमीटर मातीच्या नळांतून येतं, उंच भिंतीवर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. पंप नाही, इंजिन नाही. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. वर मासे फिरतात, खाली माणसं गारव्याला बसतात.

"चढतं म्हणजे?" मी विचारलं. "पाणी कसं चढेल?"

हा प्रश्न मामांना पस्तीस वर्षांत घरातल्या कुणी विचारला नसावा. त्यांनी जवळपास माझा हातच धरला. "गवंडी लेव्हल बघायला पारदर्शक नळी वापरतो, पाहिलीस? एक टोक इथं, एक टोक तिथं. मध्ये नळी कितीही खाली लोंबू दे, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला येतं. बस. डोंगरात पाणी उंच आहे. नळ बंद ठेवला की ते दरीत उतरतं आणि समोर जवळजवळ तेवढंच वर येतं. फक्त नळात हवा अडकली की सगळं ठप्प. म्हणून वाटेत दगडी मनोरे बांधलेत. पाणी मनोऱ्यात वर येतं, हवा सोडतं, पुन्हा खाली उतरतं. मनोरा म्हणजे पाण्याचं नाक."

मलिक अंबरची नहर त्याहून शंभरेक वर्षं जुनी. हबशी माणूस. इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बाजारातून बाजारात फिरत दख्खनला पोचला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. या कोरड्या खडकाळ जागी त्यानं शहर वसवायला घेतलं तेव्हा आधी पाण्याचा विचार केला. डोंगराच्या पोटात झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गोळा केलं आणि गल्लीगल्लीत फिरवलं. महालाआधी नहर. मामा हे सांगताना पाणचक्कीच्या हौदाकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलू नये. हौदात पाणी पडत होतं, त्याचा एकसुरी आवाज होता. मामांच्या चष्म्यावर बारीक तुषार बसले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

"निजामाचं बिऱ्हाड हललं," ते नंतर म्हणाले, "तसे नहरीतला गाळ काढणारे हातही गेले. हुकूम असतो तिथं पाणी डोंगर चढतं. हुकूम गेला की पाणी बसतं. राजधानी म्हणजे एवढंच."

त्या वेळी मला उत्तर सुचलं नव्हतं. गच्चीवर सुचलं.

"मामा, दिल्लीत हुकूम आहे की नाही?"

"तुझ्या दिल्लीत हुकुमाशिवाय दुसरं आहे काय?"

"मे महिन्यात तिथं या. टँकरमागं पाइप घेऊन धावणारी माणसं दाखवते. आमचं निम्मंशिम्मं पाणी हरियाणाकडून येतं. मुनक कालव्यात जरा कमीजास्त झालं की अख्खी राजधानी बादल्या मोजते. तुमच्या व्याख्येनं दिल्लीसुद्धा राजधानी नाही."

मामा हसले. वादात ते हरले की हसतात, पण हरलो असं म्हणत नाहीत. "मग तुझी व्याख्या काय?"

"राजधानी म्हणजे जिथं बाहेरची माणसं येतात. तुमचं हे शहर पाहुण्यांनीच घडवलंय. मलिक अंबर इथिओपियाचा, बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडचे, अताउल्ला लाहोरी घराण्यातला. तुघलकानं सगळी दिल्ली रिकामी केली म्हणतात, पण हल्लीचे इतिहासकार सांगतात की आले ते मुख्यतः दरबारी लोक, कारागीर आणि सूफी. बुऱ्हानुद्दीन गरीब तेव्हा आले ते खुलताबादेत कायमचे राहिले. तुम्ही मला पाहुणी म्हणून हिणवता. हे सगळे पाहुणेच होते."

"होते. पण त्यांनी पाणी आणलं, चुना आणला, विद्या आणली."

"आणि मी सोनपापडी. कळलं."

"आणि उलट बाजूनं पण मोज की," मामा म्हणाले. "जे चांगलं निपजलं ते निघून गेलं. वली औरंगाबादी. इथला पहिल्या नंबरचा शायर. १७०० साली दिल्लीला गेला."

"गेला, पण जाताना दख्खनी भाषा घेऊन गेला. तोवर दिल्लीचे शायर फारसीत लिहिण्यात मोठेपणा मानायचे. वलीचं ऐकून आपल्या बोलीत लिहायला लागले. दिल्लीच्या उर्दू कवितेची एक नाळ तुमच्या गावात आहे. दिल्लीत राहून मला हे माहीत, आणि तुम्ही इथं राहून म्हणता, गेला."

"गेला तो गेलाच," मामा म्हणाले, पण जरा हळू.

मधल्या काळात खाण्याचा विषय निघाला, तो एकमतानं पार पडला म्हणून त्यात लिहिण्यासारखं फार नाही. गुलमंडीची इम्रती गरम खावी. उस्मानपुऱ्यात ताराचं पान खाल्ल्याशिवाय पाहुणा शहर सोडत नाही. नान-खलिया तुघलकाच्या फौजेबरोबर आला असं सांगतात. मामा माळकरी, म्हणून तो मी एकटीनं जाऊन खाल्ला आणि घरी येऊन सांगितलं नाही. आता छापून येईल.

खरा वाद चौथ्या स्थळावरून होता. मी म्हटलं, शहरातली मला सगळ्यात आवडलेली जागा पुंडलिकनगर.

मामा खुर्चीत सरळ झाले. "थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही."

"इथं बघण्यासारखं काय आहे? ही गुंठेवारी आहे बाई. शेतजमिनीचे तुकडे पाडले आणि विकले. १९८७ ला मी वीस बाय तीसचा प्लॉट घेतला, तोसुद्धा बाँडवर. रजिस्ट्री नाही, रस्ता नाही, नाली नाही. २००१ ला गुंठेवारीचा कायदा आला, मग पैसे भरून नियमित व्हायची भानगड. साहेब लोक सिडकोत राहायचे, आखीव रेखीव. आम्ही नकाशे काढणारे, आणि राहिलो बिननकाशाच्या जागी."

त्यांच्या बोलण्यात लाज होती आणि ती मला नवी होती. रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही मामा आधी 'गारखेडा परिसर' म्हणतात, मग 'गजानन महाराज मंदिराजवळ', आणि अगदी शेवटी पुंडलिकनगर.

मला मात्र स्टेशनहून सूतगिरणी चौकामार्गे येताना, मंदिराच्या चौकातून रिक्षा आत वळली तेव्हाच हे आवडलं होतं. संध्याकाळची वेळ. भाजीच्या गाड्या दोन्ही बाजूंनी, मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणाऱ्या बाया, खांद्याला सॅक लावून खानावळीकडे निघालेली स्पर्धा परीक्षेची पोरं, आणि मधूनच एसटीतून उतरून थेट आलेले, पिशवीत गावाकडची ज्वारी असलेले आईबाप. वीस बाय तीसची घरं एकमेकांना चिकटून. जिना बाहेरून, वरच्या दोन खोल्या पोरांना भाड्यानं. आणि पाट्या. मी पाट्या वाचत होते. योगेश्वरीच्या नावाचं किराणा दुकान म्हणजे मालक अंबाजोगाईकडचा. रेणुकेच्या नावाचं मेडिकल म्हणजे माहूरच्या अंगानं आलेला. पुढं तुळजाभवानी, पुढं खंडोबा.

"मामा, जुन्या शहरानं दरवाजांवर लिहिलं, वाट कुठं जाते. तुमच्या पुंडलिकनगरानं दुकानांवर लिहिलंय, माणूस कुठून आला. दोन्हीत काही फरक नाही."

"फरक आहे. तो दगडात आहे, हे फ्लेक्सवर आहे."

"फ्लेक्स दर दोन वर्षांनी नवा लावतात. दरवाजाला चारशे वर्षांत कुणी रंग दिला?"

यावर मामा काही बोलले नाहीत. गल्लीत कुठंतरी एक मोटार सुरू झाल्याचा भास झाला, आम्ही दोघंही कठड्याशी गेलो. तो शेजारच्यांचा मिक्सर होता. रात्री बाराला मिक्सर. पाण्याच्या वारी सगळी गल्ली जागी असते, तेव्हा बायका दुसऱ्या दिवशीची चटणी वाटून घेतात.

मामी वर आल्या. ताटलीत धपाटे आणि दही. तिसऱ्या खुर्चीत बसत म्हणाल्या, "काय भांडायलेत मघापासून?"

"ही म्हणते, पुंडलिकनगर राजधानी आहे."

"मग? नाही का?" मामींनी इतक्या सहज विचारलं की आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो. "आमच्या गावाकडं कुणाला जास्त झालं की काय म्हणायचे? घाटीत न्या. पोरगं हुशार निघालं, मिलिंदला घाला, विद्यापीठात घाला. जमिनीचं भांडण मिटंना, खंडपीठात जा. सगळं इथंच की. मुंबई कुणी बघितली होती? आमची राजधानी हीच."

'घाटी' म्हणजे सरकारी दवाखाना. अख्खा मराठवाडा त्याला याच नावानं ओळखतो. मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांनी १९५० मध्ये काढलं, विद्यापीठ १९५८ चं, खंडपीठ १९८१ चं. मामींना यातलं एकही साल माहीत नव्हतं. मामांना सगळी माहीत होती, आणि तरी त्यांच्या राजधान्यांच्या यादीत ही राजधानी आली नव्हती. यादी १७६३ ला थांबली होती.

"पण पाणी?" मामांनी शेवटचं अस्त्र काढलं. "बघ, जायकवाडीची पूर्ण पातळी १५२२ फूट. शहर त्याच्याहून शंभर मीटरच्या वर. म्हणजे पैठणहून पाणी उचलायचं, फारोळ्याला शुद्ध करायचं, नक्षत्रवाडीला चढवायचं, मग इथं. चढ सगळा विजेवर. जुने पाइप सातशे आणि चौदाशे मिलिमीटरचे. नव्या योजनेचा अडीच हजार मिलिमीटरचा, माणूस उभा चालत जाईल आतून. सोळाशे ऐंशी कोटींची योजना, ती सत्तावीसशे चाळीस कोटींवर गेली. आणि मलिक अंबर..."

"त्याचं विजेचं बिल शून्य," मामी म्हणाल्या. हे त्यांनी अनेकदा ऐकलं असावं. "ह्यांना १५२२ पाठ आहे. माझ्या भावाचा फोन नंबर पाठ नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुला माहीत नसेल. माझं माहेर त्या पाण्यातच आहे."

मला खरंच माहीत नव्हतं. मामींचं माहेर शेवगाव तालुक्यातलं एवढंच ऐकलेलं. गाव जायकवाडीच्या नाथसागरात गेलं तेव्हा मामी सातवीत होत्या. घराची कवाडं काढून बैलगाडीत टाकली, चुलीतली राख आजीनं फडक्यात बांधून घेतली, आणि पुनर्वसनाच्या गावठाणात पत्र्याखाली दोन उन्हाळे काढले. १९७६ ला इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं, ते बघायला त्यांच्या घरातलं कुणी गेलं नाही.

"मी १९७६ लाच खात्यात लागलो," मामा म्हणाले. ते आता माझ्याशी बोलत नव्हते. "पहिलं काम जुन्या नकाशांच्या नकला काढायचं. बुडीत क्षेत्र निळ्या शाईनं भरायचं. गावाच्या नावावरून ब्रश फिरवताना नाव दिसलं पाहिजे असं पातळ रंगवायचं, हे साहेबांनी शिकवलं. पुढं चार वर्षांनी स्थळ आलं. पत्रिकेवर गाव वाचलं आणि मला तो निळा रंगच आठवला."

"आणि २०१६ च्या उन्हाळ्यात," मामी म्हणाल्या, "धरण आटलं. मृतसाठासुद्धा खाली गेला. सगळं शहर रडत होतं पाण्यासाठी. हे मला घेऊन गेले बघायला. मारुतीच्या देवळाचा चौथरा वर आला होता. आमच्या आडाचं तोंड दिसत होतं, गाळानं भरलेलं. ह्यांनी पहिल्यांदा सासुरवाडी बघितली, लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर." त्या हसल्या. "नारळ फोडला आणि देवाला म्हटलं, आता झाक परत. आमचं दिसलं, बास झालं. लोकांना पाणी पाहिजे."

मी काहीच बोलले नाही. माझ्या व्याख्येत बाहेरून येणारी माणसं होती. माणसं जिथून उठून येतात ते गाव माझ्या व्याख्येत कुठं होतं? मामांच्या व्याख्येतही नव्हतं, फक्त ते निळ्या शाईखाली त्यांना दिसत आलं होतं.

"म्हणून म्हणते," मामी धपाट्याचा तुकडा मोडत म्हणाल्या, "आठ दिवसांनी का होईना, माहेरचं पाणी घरी येतं. माहेरचं माणूस उशिरा आलं म्हणून कुणी रागावतं का? ह्यांचं नळाशी भांडण, माझं नाही." मग जरा थांबून, "मे महिन्यात असतं. पण कुणाला सांगत नाही."

"पुंडलिकानं देवाला विटेवर थांबवलं," मामा पुटपुटले, "आणि आपण त्याच्या नावाच्या नगरात नळाला थांबलोय."

"देव उभा आहे अजून. तुम्हाला दोन तास बसवत नाही."

पावणेतीन वाजता ग्रुपवर फक्त दोन शब्द आले: 'लाइनमन आला.' गल्लीत एकदम दिवे लागले. आम्ही तिघं जिन्यानं खाली. मामींनी नळाची तोटी पूर्ण सोडली. काहीच नाही. मी कळशी घेऊन वाकले होते.

मामांनी हात वर केला. "थांब. ऐक."

तोटीतून आवाज यायला लागला. आधी अगदी बारीक, कुणी दातांतून श्वास सोडावा तसा. मग फुसफुस वाढत गेली. नळाच्या तोंडाशी माझी बोटं होती, त्यांना गार हवा लागत होती.

"हवा निघतेय," मामा कुजबुजले. "मनोऱ्यात निघते ना, तशीच."

"पहिली बादली गढूळ येईल," मामी म्हणाल्या. "ती तुळशीला. कळशी मागं घे."

मी कळशी मागं घेतली. नळ दोनदा खोकला, थोडी तांबूस धार बादलीत पडली, आणि मामांनी मोटारीच्या बटणाकडे हात नेला.